रुमालाखाली

मिरजेचा दवाखाना, खाट नंबर अकरा.
आप्पांची वाचा गेली त्याला आज सहावा दिवस.
उजवं अंग भरल्या पोत्यासारखं पडलंय,
डावा हात तेवढा अजून सांगलीत आहे.

शेजारी अथणीची म्हातारी,
"साकु, साकु" म्हणत पेज परत करते.
पलीकडं जतचा कोण, विट्याचा कोण,
आणि जिन्यात भेटेल तो सांगतो,
"वट्ट काळजी करायची न्हाई."
वट्ट.
पुण्यात एकदा बोलून गेले होते, ऑफिसात हसले.
मग तीन वर्षं बोललेच नाही.
कधीतरी कानडीतून चालत आलेला शब्द,
आमच्या सोप्यात चपला काढून बसला
तो परत गेलाच नाही.

शिवगोंडा मगदूम, हळदीचे दलाल.
आईनं कॉलर कितीही घासली तरी पिवळी.
माझ्या लग्नात हळद लावताना
आप्पांनी नुसता हात फिरवला गालावरून,
मावशी म्हणाली, वाटी ठेवा आत, झालं काम.

पेठेत खांद्यावरचा रुमाल
दोघांच्या हातांवर पडला की
वर पावसापाण्याचं, पोरीच्या स्थळाचं,
कृष्णाकाठच्या वांग्यांना औंदा काटे किती त्याचं बोलणं,
आणि खाली बोटांची खरी भाषा.
बोट धरलं तर एक, मूठ धरली तर पाच,
तळव्यावर टिचकी म्हणजे अर्धा,
मनगट दाबलं तर : ऊठ लगा, येळ घालवू नकोस.
पटलं की हात सुटायचा.
तोवर सोडायचा नाही,
एवढा एकच कायदा, तोही कुठं लिहिलेला नाही.

हिराचंद शेठशी कसल्याशा कडत्यावरून बिनसलं,
दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही.
रुमालाखाली मात्र रोज भेटायचे.

आता सौदे उघडे होतात, पडद्यावर आकडे पळतात.
आप्पा गेल्या साली बघून आले, घरी येऊन म्हणाले,
"लई वरडत्यात गं."
एवढंच. आणि ताटातली भाकरी कुस्करली.

मी सात वर्षांची असताना हरिपूरला नेलं होतं,
पेव उघडायचं होतं.
माती उकरली, तोंडावरचा दगड सरकवला,
आणि कुणी आत उतरेना.
आधी दोरीनं कंदील सोडला.
"इझला तर माणूस सोडायचा न्हाई," आप्पा म्हणाले,
"हवा मेलेली असती आत."
मी काठावर पालथी पडून बघत होते,
खाली खाली जाणारा उजेड,
आणि भिंतीभर सोनं, न बोलणारं.

सकाळी डॉक्टर आले. आ करा म्हणाले.
टॉर्च घशात गेला.
मी वाकून बघितलं.

दुपारी भडंगाची पुडी आणली, गुपचूप.
खाता येणार नव्हतंच, नळी होती नाकात.
नाकाजवळ नुसती उघडून धरली,
तळलेला लसूण, करपलेला कढीपत्ता,
तर डोळे मिटून घेतले त्यांनी
आणि उघडल्यावर माझ्याकडं असं बघितलं
की वजनात मारलंय मी त्यांना.
सिस्टर ओरडली. पुडी मी खाल्ली, जिन्यात, रडत नव्हते,
मिरची होती जास्त.

संध्याकाळी चादरीखाली काहीतरी हललं.
डावा हात. माझा हात शोधत आला.
दोन बोटं धरली. सोडली. मूठ. टिचकी.
"पाणी पायजे काय, आप्पा?"
मनगट दाबलं. येळ घालवू नकोस.

मग कळलं.
कशाचा सौदा ते नाही कळलं,
राजापुरीचा, घराचा, की आणखी कशाचा.
त्यांनी तीन बोटं सांगितली, मी चार धरली.
त्यांनी साडेतीन. ओठाचा डावा कोपरा हलला,
पक्का दलाल हलवायचा तसा.
मी वर पावसाचं बोलत राहिले,
वांगी आलीत म्हटलं, बी कमी हायत औंदा.

साडेतीन वाजवी होते.
कुणीही घेतले असते.

मी चारच धरून बसले.